खलनायकाचं पाऊल

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, तरी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांचं काम आवाज काढण्याचं. गळ्यातून नव्हे, वस्तूंमधून. श्राव्य मालिकेतले नट आपापले संवाद बोलून घरी जात, आणि मग रिकाम्या खोलीत मास्तर त्यांच्या मागे राहिलेली सगळी कामं उरकत. त्यांची दारं लावत, त्यांचे कप बशीत ठेवत, त्यांच्यासाठी जिने चढत.

जिने मात्र ते हातांनी चढत. डावा पाय लहानपणी तापात आखडलेला, उजव्यापेक्षा आखूड. त्या पायात जाड तळाचा बूट. चालताना उजवं पाऊल टक्कन पडे आणि डावं सर्र करत मागून येई. नायकाला असली चाल कशी चालायची? म्हणून मास्तर स्टुलावर बसत, दोन्ही हातांत बूट चढवत आणि समोरच्या फरशीवर ऐटीत, एकसारखे वाजवत. नायिकेसाठी टाचेच्या चपला, आईसाठी सपाता, सगळं हातांनी. खलनायक आला, की मात्र मास्तर स्टुलावरून उठत. त्याच्यासाठी हात लागत नसत. त्याला ते स्वतःचे पाय देत.

याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट अभिमानच होता. तरुणपणी त्यांना नाटकात काम करायचं होतं. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण जिथं जावं तिथं दिग्दर्शक आधी पायाकडे बघे आणि मग म्हणे, ‘‘आहे की तुमच्याजोगं काम! सावकाराचा कपटी कारकून.’’ तीन कपटी कारकून आणि एक विषप्रयोग करणारा वैद्य झाल्यावर मास्तर पडद्यामागे गेले ते कायमचे. लग्नाच्या वेळी बायकोच्या मामानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘स्वभावानं बरे आहात ना? नाही, पाय असा आहे, म्हणून विचारलं.’’ बायको अजूनही चिडली की म्हणे, ‘‘मामा उगीच नव्हता विचारत!’’ आणि दोघंही हसत.

यंदा मुलाची बदली लांब झाली आणि सून पाच वर्षांच्या नातीला घेऊन इकडे राहायला आली. आजवर नात सुटीत पाहुणीसारखी यायची, आता घर तिचंच झालं. मास्तरांनी हौसेनं तिच्यासाठी रंगीत खडू आणले, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बुटकं टेबल मांडलं. पण पोरगी त्यांच्या वाऱ्याला उभी राहीना. पॅसेजमध्ये टक्-सर्र ऐकू आलं, की ती खडू टाकून आईच्या मागे, नाहीतर सरळ टेबलाखाली. मास्तर वाकून म्हणत, ‘‘अगं, मी आहे!’’ खालून दिसत नुसते दोन डोळे.

‘‘नवीन जागा आहे, रुळेल,’’ बायको म्हणाली.

रुळली नाही. एका संध्याकाळी सून भाजी निवडत, रोजच्यासारखी, फोनवर मास्तरांची मालिका ऐकत होती, आणि तेव्हा उलगडा झाला. मालिकेत एक काका होता. पुतणीची इस्टेट लाटायला त्यानं तिला माडीवर कोंडून ठेवलं होतं. तो यायचा असला, की आधी जिन्यात टक् व्हायचं आणि मग सर्र. ते वाजताक्षणी नातीनं कानांवर हात दाबून धरले.

सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि हसत म्हणाली, ‘‘अगं वेडाबाई, तो काही खरा काका नाही. ती पावलं तर आपल्या आजोबांचीच आहेत!’’

पोरीनं डोळे मोठे करून विचारलं, ‘‘म्हणजे ते आजोबाच आहेत?’’

आता आली का पंचाईत! आजवर नुसता संशय होता, तो घरच्याच माणसानं पक्का करून दिला. सून बिचारी रडकुंडीला आली. ‘‘बाबा, मला वाटलं कळेल तिला. मी भलतंच करून बसले हो!’’

‘‘असू दे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तिचं चुकतंय कुठं? पावलं माझीच आहेत.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक शक्कल लढवली. आवाजामुळे बिघडलंय ना, मग आवाजच काढून टाकू. स्टुडिओतल्या भिंतीचा फोमचा तुकडा घरी आणून त्यांनी घरात घालायच्या जाड चपलेच्या तळाला चिकटवला. उजव्या चपलेलाही. पॅसेजमधून चालून पाहिलं. मांजरसुद्धा इतकं गुपचूप चालत नाही! खूश होऊन ते स्वयंपाकघरात शिरले. पोरगी दाराकडे पाठ करून चित्र रंगवत होती. मास्तर तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, ‘‘वा, काय सुंदर घर काढलंय!’’

ती किंकाळी ऐकून शेजारीण धावत आली. दूध सांडलं, खडू टेबलाखाली गेले, आणि पोरगी आजीच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागली.

‘‘अहो, चोरासारखे काय येता!’’ बायको कडाडली. ‘‘आधी निदान येताय ते तरी कळायचं!’’

मास्तरांनी ओशाळून फोम उपटून काढला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. लोकांनी पायाकडे बघून काय काय ठरवलं, ते सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पण ही पोर याच घरात मोठी होणार होती. आपल्याला बघून ती टेबलाखाली जाते, ही गोष्ट काही हसण्यावारी नेता येईना.

सकाळी ते मालिकेच्या दिग्दर्शिकेसमोर जाऊन बसले. बाई तरुण, हुशार, कामाला वाघीण. मास्तरांना फार मानायची.

‘‘बाई, काकाला सरळ चालवू या का?’’

‘‘आता? अहो, अर्धी मालिका झाली की! अचानक पाय बरा झाला कसा त्याचा? आणि मास्तर, ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही. वाईट माणूस आला हे त्याला पावलांवरूनच कळायला हवं ना?’’

‘‘लंगडं पाऊल म्हणजे वाईट माणूस.’’

‘‘तसं नाही हो...’’ बाई गडबडली. ‘‘म्हणजे, लोकांना सवय आहे तशी.’’

‘‘असणारच. इतकी वर्षं मीच ऐकवतोय.’’ मास्तर जरा वेळ हातातला बूट उलटापालटा करत राहिले. मग म्हणाले, ‘‘काका राहू दे लंगडा. पण एवढ्या मोठ्या गावात लंगडा माणूस एकच असेल का? मी येता-जाता चार तरी बघतो. एक वाण्याकडे असतो, एक पोस्टात. तुमच्या गोष्टीत अजून एखादा घाला की.’’

‘‘घोटाळा होईल ऐकणाऱ्यांचा.’’

‘‘होऊ दे. क्षणभर होऊ दे.’’

 पेन दातात धरून बाई पुढच्या भागाची पानं चाळत राहिली. एका पानावर कोंडलेल्या नायिकेला सोडवायला शेजारीण चावीवाल्याला घेऊन येत होती. त्याचं काम दोन-तीन वाक्यांचं. बाईनं त्या पानावरून मास्तरांकडे पाहिलं आणि एकदम हसली. ‘‘घाबरतील हो सगळे!’’ म्हणाली. ‘‘उठा मास्तर. जिना चढा.’’

तो भाग लागला तेव्हा मास्तर बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून होते. मुद्दामच. पाय न हलवता. आत सून भाजी परतत होती आणि फोन ओट्यावर बोलत होता. नायिकेचं रडणं झालं. शांतता झाली. मग जिन्यात टक्. सर्र.

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. गेली टेबलाखाली, मास्तरांनी मनात म्हटलं.

टक्. सर्र. दाराशी येऊन पावलं थांबली. मग एक मऊ, दमलेला आवाज बोलला, ‘‘ताई, घाबरू नका. मी चावीवाला. कुलूप जुनं आहे, जरा वेळ लागेल.’’ आणि कडीकुलपाची खटपट सुरू झाली, तीही मास्तरांचीच.

‘‘आई,’’ टेबलाखालून आवाज आला, ‘‘हा तो नाहीये?’’

‘‘नाही गं. हा वेगळा.’’

‘‘पण तसाच वाजतो.’’

‘‘वाजू दे की. पाय दुखत असेल त्याचा.’’

 भाग संपला, फोन गप्प झाला. मास्तर बराच वेळ तसेच बसून राहिले. शेवटी घशाला कोरड पडली, म्हणून उठावंच लागलं. आवाज लपवायचा नाही असं ठरवून त्यांनी पॅसेजमध्ये पाऊल टाकलं. टक्. सर्र. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचतात तोच आतून प्रश्न आला,

‘‘कोण आहे?’’

सून उत्तर द्यायला वळली होती. मास्तरांनी तिला हातानंच थांबवलं. आजवर त्या पोरीनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

‘‘आजोबा,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी प्यायला आलोय.’’

टेबलाखाली थोडा विचार झाला.

‘‘या,’’ ती म्हणाली. ‘‘पण तिकडून या. इथं माझे खडू पडलेत.’’