दाजींचा नारळ आणि गिटारचा ॲम्प

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक, पिंपरी पेंढारला बँजो पार्टी चालवायचे. त्यांचा बँजो ज्या ॲम्पातून वाजायचा तो मूळचा गिटारचा, पुण्याच्या एका ऑर्केस्ट्राने काढून टाकलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा. धूड नुसतं! पण आवाज असा गोड, की नवे सेट त्यापुढे पत्र्याचे डबे.

नव्वदच्या दशकातल्या एका लग्नसराईत हे धूड रुसलं. दहा मिनिटं छान वाजायचं, मग चर्र करून आवाज बसायचा. एका वरातीत पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवरदेवाचा मामा म्हणाला, "ओ बँजोवाले, त्यापेक्षा तोंडानं वाजवा!" ते दाजींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी ॲम्प घोडेगावला माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत आणून आदळला.

"पावणं, रविवारी शिनोलीची वरात हाय. तिथं बंद पडला तर बँजो इकतो आन् कंपनीत वॉचमन व्हतो. बास!"

ताई मागे उभी होती. बँजो सुटला तर हा माणूस बसल्या जागी म्हातारा होईल, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "दाजी, ह्याला वठणीवर आणला नाही, तर बापाचं नाव लावणार नाही."

बोलून बसलो खरा. व्हॉल्व्ह बदलले, काही फरक नाही. कंडेन्सर बदलले, तरी तापला की चर्र. बंद केलेल्या ॲम्पातसुद्धा वीज दबा धरून बसते. तिने असा दणका दिला की मी स्टुलावरून खाली. लई चिडलो. "तू मोठा का मी मोठा, बघतोच!" असं त्या लोखंडाला ओरडून सांगितलं. शेजारचा सलूनवाला हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी उघडली, तर खोललेल्या ॲम्पात मुंग्यांची रांग. टेबलाच्या पायावरून थेट मोठ्या व्हॉल्व्हच्या सॉकेटात. मुंगी काय उगाच कुठे जात नाही. नाक लावलं, तर करपलेल्या गुळाचा वास! सॉकेट काढलं. पिनांच्या मधे तपकिरी चिकटा, जळून कोळसा झालेला. गार असेतो गप्प, तापला की त्यातूनच वीज भलतीकडे पळायची.

आणि एकदम आठवलं. लग्नसराई सुरू झाली की दाजी ओझरच्या गणपतीचा नारळ आणायचे आणि ॲम्पाच्याच लोखंडी कोपऱ्यावर फोडायचे. पाणी वरच्या जाळीतून थेट आत! विघ्नहर्त्याचा यात काय दोष? नवं सॉकेट बसवलं, सकाळभर वाजवून पाहिलं.

रविवारी शिनोलीत ॲम्प टेम्पोवर चढला, जनरेटर सुरू झाला, आणि बघतो तर दाजींच्या हातात नारळ! मी झेपच घातली. "दाजी, फोडायचा तर माझ्या डोक्यात फोडा, पण ह्याच्यावर नाय!"

वऱ्हाडी खिदळले. मी सगळं सांगितलं, तसं दाजींचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे मीच व्हय रं?" त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि बँजो मांडीवर घेतला.

दहा मिनिटं होत आली. दाजी वाजवता वाजवता ॲम्पाकडे बघत होते, मी घड्याळाकडे. ती वेळ टळली, वरात पुढच्या गल्लीत वळली, आवाज खणखणीत. मग त्यांनी ॲम्पाकडे बघणं सोडलं आणि डोळे मिटून वाजवत राहिले. मला रडू आलं, कशाला खोटं बोलू?

वरात नवरदेवाच्या दारात पोचली. दाजी खाली उतरले, रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला.

"घ्या, पावणं. आन् कंपनीला सांगा, वॉचमन येत नाय म्हणावं."