एका हाताचा बाप

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या आईला खुणांची भाषा येते, कारण ती दर शनिवारी इंदिरानगरला पालकांच्या वर्गाला जाते. मला येत नव्हती, कारण दर शनिवारी ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज असायचं. खरीखुरी रिलीजेस वर्षात तीन-चार झाली असतील. उरलेले शनिवार मी मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली झोपून काढले. जाग आली की अपराधी वाटायचं, आणि ते सहन होत नसल्यामुळे मी पुन्हा झोपायचो.

पहिलीत तिला इंग्रजी शब्दांची यादी मिळाली. द, वॉज, सेड, कम. पुस्तकात पावलोपावली येणारे, पाहताक्षणी ओळखायचे शब्द, आणि प्रत्येकाची खूण. रोज संध्याकाळी ती मांजराच्या गोष्टीचं पुस्तक घेऊन यायची, सोफ्यावर बसलेल्या मला वळसा घालायची आणि थेट स्वयंपाकघरात आईकडे जायची. एखाद्या खांबाला घालावा तसा वळसा. ते पुस्तक एकदा तरी माझ्यापाशी थांबावं, एवढंच मला हवं होतं.

मग मी आमच्या जमातीचा माणूस करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडली. शब्द, लिंक, स्टेटस, जबाबदारी. जबाबदारीच्या रकान्यात सगळीकडे मीच. शोधल्यावर ढीगभर अमेरिकन व्हिडिओ मिळाले. त्यांची अक्षरं एका हाताने होतात, हे मला फार सोयीचं वाटलं. दुसऱ्या हातात फोन धरून ऑफिसचे मेसेज बघता येतात. दोन रविवारांत बावीस शब्द हिरवे झाले. शाळेत कोणती भाषा शिकवतात, हे कोणाला विचारावं असं मनातही आलं नाही. क्लायंटला न विचारता काम केलं म्हणून मी टीममधल्या पोरांना मीटिंगमध्ये झापतो.

तिसऱ्या रविवारी मी मुलीला समोर बसवलं आणि उजव्या हाताने 'द' स्पेल केलं. तिने माझ्या हाताकडे नीट पाहिलं. मग उठून आईकडे गेली आणि भराभरा काहीतरी विचारू लागली. बायको हसत सुटली.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, बाबाच्या डाव्या हाताला लागलंय का?"

"म्हणजे?"

"अरे, आपल्याकडे अक्षरं दोन्ही हातांनी करतात! अमेरिकेला चाललायस का तू? आम्हाला न सांगता?"

"मग इथले व्हिडिओ असतात कुठे?"

"शाळेच्या ग्रुपवर. वर पिन केलेत. अख्खा शब्दकोश आहे."

शाळेचा ग्रुप मी म्यूट करून वर्ष झालं होतं. उघडला तर सगळं होतं. भारतीय खुणांच्या शब्दकोशाचे व्हिडिओ, फुकट. आणि या यादीतल्या शब्दांवर मुलीच्या बाईंनी स्वतः केलेल्या फिती. बाईंनाही ऐकू येत नाही. त्यांच्या प्रत्येक फितीखाली इतर बापांचे अंगठे होते. माझा नव्हता.

पुढचा शनिवार मी पालकांच्या वर्गात काढला. शिकवायला याच बाई होत्या. बाईंनी माझे हात पाहून एक खूण केली. बायकोने सांगितलं, "बाई म्हणतात, नवीन आहात का?" मी मान हलवली. सहावीतल्या मुलासारखी.

आता अडचण वेगळीच झाली. दोन्ही हात बोलण्यात गुंतले की पुस्तक धरायचं कोणी? मुलीनेच तोड काढली. देवघरात माझ्या आईने पुण्याहून पाठवलेलं पोथीचं लाकडी स्टँड आहे. मुलीने पोथी अलगद बाजूला ठेवली, स्टँड उचलून आणलं आणि त्यावर मांजर उघडलं. मग माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि नेऊन ठेवला देवघरात, स्टँडच्या रिकाम्या जागी.

"आईंना कळलं ना," बायको म्हणाली, "तर मांजरासकट तुला बाहेर काढतील."

मी 'द' केलं. मुलीने माझी वाकडी करंगळी धरून सरळ केली आणि पुन्हा करायला लावलं. पाच वेळा. सहाव्यांदा तिने पान उलटलं.

तेवढ्यात देवघरात फोन वाजला. बायकोने उचलून स्पीकरवर टाकला. आई होती.

"काय रे, पोथी वाचतोस ना?"

"रोज बसतो," मी दोन्ही हात वर धरून ओरडलो.

मुलीने माझं कोपर ओढलं. मी खूण अर्धीच सोडून मध्येच थांबलो होतो.