खंडेनवमीला बंद केलेला फ्रीझर

माझ्या भाचीने अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका जुन्या गाळ्यात औषधाची कंपनी काढली, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि प्रश्न मी विचारला. जिथे तिथे नाक खुपसायची माझी खोड जुनीच आहे.

"औषध कशापासून करतेस गं?"

"पोटातल्या जिवाणूंपासून."

"ते कुठून आणतेस?"

"मावशी, तू आधी जेवून घे."

निरोगी माणसांच्या शौचातून, असं शेवटी कळलं. मी पानावरून उठले नाही, उलट भात कालवत आणखी विचारत बसले. अँटिबायोटिक घेऊन घेऊन काही लोकांच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, मग जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात. त्यांना ते जिवाणू कॅप्सुलमधून परत द्यायचे. तीन जातींचे, वाळवून पूड केलेले, तरीही जिवंत. हे शेवटचं माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. पूड कसली जिवंत?

पार्ल्याची आमची इमारत पुन्हा बांधायला काढली, तेव्हा बिल्डरने दिलेली थोडी रक्कम माझ्याकडे होती. मी एकटी बाई, ती माझ्या म्हातारपणाची. भाचीने एका शब्दाने मागितली नव्हती, पण पैशावाचून तिचं घोडं अडलंय हे दिसत होतं. द्यावी की देऊ नये, याने माझी दुपारची झोप उडाली होती.

घाटकोपरचे एक गृहस्थही पैसे घालायचा विचार करत होते. औषधांचे घाऊक व्यापारी, स्वभावाने सरळ. त्यांची शंका एकच. "मॅडम, तुमचा फ्रीझर इथे. माझा टेंपो मे महिन्यात हायवेवर अडकलेला. एवढं सोसतील हे तुमचे जंतू?" भाची म्हणायची, "सोसतील असं वाटतं." त्या 'वाटतं'वर ते नुसती मान हलवायचे. मला त्यांचं पटायचं, आणि पटतंय म्हणून माझाच मला राग यायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन ते काय ते सांगणार होते.

खंडेनवमीला गाळ्यात पूजा केली माझ्या भावोजींनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी. मालवणकडचा माणूस. आयुष्य गेलं त्याच एमआयडीसीत, पत्र्याच्या प्रेसवर. पोरीच्या कामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण यंत्र म्हटलं की हात जोडले जायचे. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. भाचीला बाहेर जायचं होतं, म्हणून गाळा बंद करायची चावी तिने त्यांच्याकडे दिली.

त्यांनी गाळा नीट बंद केला. मेन स्विचसकट. पूजा झालेलं यंत्र दसरा होईपर्यंत चालवायचं नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. "वर्षभर राबता बिचारा, एक दिस तरी गप बसू दे," असं ते मला रिक्षात म्हणालेसुद्धा. मला वाटलं, कुठल्या तरी पंख्याबद्दल बोलतायत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाची, भावोजी आणि मी गाळ्यात शिरलो तर फ्रीझरखाली पाणी आणि वर सुकलेला झेंडू. ऑक्टोबरचा उकाडा, कॅप्सुल चांगल्या गरम झालेल्या. फ्रीझरचा अलार्मही त्याच स्विचवर. वाट लागली होती. मूळ जिवाणू दुसरीकडे जपून ठेवलेले होते, पण दाखवायचा माल हाच. तेवढ्यात घाटकोपरचे गृहस्थ दारात उभे.

"फ्रीझर आमच्याकडून बंद राहिला," भाची म्हणाली. वडिलांकडे तिने बघितलंही नाही.

"बंद मी केलंय," भावोजी म्हणाले. "तिची चूक नाय."

मला वाटलं, संपलं. मला भावोजींचा संताप आला होता आणि रडूही येत होतं. गृहस्थांनी एक कॅप्सुल उचलली, हातात फिरवली. म्हणाले, "मी विचारत होतो ते आपोआपच झालं की. बघा तरी, यातलं काय जगलंय."

ती पूड काचेच्या बशांत पेरून, दर जातीला वेगळी बशी, हवा लागणार नाही अशा पेटीत ठेवली. पेटी उघडायच्या दिवशी मी सकाळीच जाऊन बसले. पहिली बशी कोरी. दुसरी कोरी. तिसरीत मोहरीहून बारीक, पांढुरके ठिपके.

"हे काय गं?"

"जगलेत, मावशी. एक जात जगली."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पूड जिवंत होती. मला वेड्यासारखा आनंद झाला.

गृहस्थांना तो झाला नाही. "तिन्ही जगतील तेव्हा फोन करा," म्हणाले आणि गेले. त्यांचं काही चुकलं नाही. मी मात्र पैसे दिले. सगळे नाही, पण दुखेल एवढे दिले. उरलेल्या दोन जातींचं काय होतं, हे मला बघायचंच होतं.

वर्ष झालं. दुसरी जात आता उकाडा सोसते, तिसरी अजून नाही. औषध तर लांबच. माझे पैसे बुडतीलही.

यंदा खंडेनवमीला भाचीने पूजेला पुन्हा वडिलांनाच बोलावलं. ते नको नको म्हणत होते. पूजा झाली तशी तिने सगळ्यांसमोर चावी त्यांच्या हातात ठेवली आणि "बाबा, बंद करून ये," म्हणून खाली निघून गेली.

भावोजींनी कुलूप लावलं. आम्ही अर्धा जिना उतरलो आणि ते थांबले. परत वर गेले, बंद शटरला कान लावून उभे राहिले. मीही मागोमाग गेले. आतून फ्रीझरची घरघर ऐकू येत होती.

"चालू आसा," ते मला म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो हळदीने पिवळा झाला होता.