दाजी, चांदणी कच्चीच होती

दाजींची घोडी मी लंगडी केली. दाजींनी नाही.

आज सकाळी दाजी गेले. आता तरी हे लिहायलाच पाहिजे.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. सेलूकडच्या आमच्या भागात लग्न म्हटलं की घोडी दाजींचीच. नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला नेणारा परण्या निघाला की पुढं लगाम धरून दाजी. डोक्याला पटका, तोंडात शब्द नाही.

घोडीच्या बाबतीत मात्र माणूस लय कडक.

"पहिलं वरीस शिंगराचं. आईमागं हुंदडू द्यायचं. दुसऱ्या वर्षी दोरीची सवय. तिसऱ्या वर्षी नुसतं खोगीर ठेवायचं, माणूस न्हाई. चार पुरे झाले की मग नवरदेव."

कुणी वय खोटं सांगितलं तर दाजी घोड्याचा ओठ वर करून दात बघायचे आणि खरं वय सांगायचे. विषय कट.

माझं लग्न ठरलं तेव्हा दाजींच्या घोडीची पोर, चांदणी, अडीच वर्षांची होती. पांढरीशुभ्र. उंचीला आईच्या बरोबरीला आलेली.

मला तीच पाहिजे होती. तिची आई तांबडी, वयस्कर. म्हटलं, हिच्यावर फोटो काय येणार, कप्पाळ!

दाजींनी चांदणीचा ओठ उचलून दाखवला. "बघा पाव्हणं. दुधाचे दात आत्ता कुठं पडायलेत. उंची दिसायलीय, पण गुडघे अजून कच्चे हायत. दीड वरीस थांबा."

"मग लग्न दीड वर्ष पुढं ढकलू का?"

सगळे हसले. दाजी हसले नाहीत.

मग मी रुसलो. खरंच रुसलो, सत्तावीस वर्षांचा घोडा! अक्काला फोन करून म्हटलं, घरच्या लग्नात घरची घोडी मिळत नसंल तर तुमी येऊच नका.

अक्का रडली. दाजींनी चांदणीवर खोगीर घातलं.

"नाचवायची न्हाई," एवढंच म्हणाले. "मारुतीपर्यंत जायचं, उतरायचं."

मी हो म्हटलं.

मारुतीपाशी डीजेवाल्यानं गाणं लावलं, मित्र ओरडायला लागले, आणि मीच टाच मारली.

"पाव्हणं, न्हाई!"

चांदणी मागच्या पायांवर उभी राहिली. खाली आली ती डांबरी रस्त्यावर, माझ्या वजनासकट. पुढचा उजवा पाय तिनं परत कधी नीट टेकलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, जगेल, पण पाठीवर माणूस आता कधीच नको.

लोक विचारायला लागले. मी म्हटलं, "दाजी म्हणले घोडी तयार हाय. मला काय कळतंय त्यातलं?"

एवढंच बोललो. ते पार पाथरीपर्यंत गेलं. लोभापायी कच्ची घोडी लग्नात घातली, असं लोक दाजींच्या तोंडावर बोलले. ज्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नात दाजींची घोडी होती, त्यांनीसुद्धा दुसरीकडची घोडी सांगितली.

दाजींनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. अक्का भांडायची, "सांगा की खरं!" तर म्हणायचे, "तुजं माहेर तुटंल. ऱ्हाऊ दे."

मी सणासुदीला जायचो. ते चहा विचारायचे. गोठ्यात चांदणी पाय उचलून उभी असायची, मी तिकडं बघायचं टाळायचो. दर वेळी ठरवायचो, आज बोलायचंच. आणि जेवून घरी यायचो.

सहा वर्षं!

आज अंगणात माणसं बसली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माणूस लाखाचा. फकस्त त्या घोडीपायी नाव घालवलं."

मी शेजारीच होतो. खाली बघून चप्पल सरळ करत बसलो. आजसुद्धा!

अक्कानं ऐकलं. माझ्याकडं नुसतं बघितलं आणि चांदणीला कडबा टाकायला उठून गेली.

म्हणून इथं, पाव्हण्यांच्या ग्रुपवर लिहितोय. सेलू, जिंतूर, पाथरीचे सगळे पाव्हणे इथं आहेत. वाचा आणि जे वाचत नाहीत त्यांना सांगा. हट्ट माझा होता, टाच माझी होती, आणि खोटंही मीच बोललो. दाजींनी आयुष्यात कच्ची घोडी कधी स्वतःहून लग्नात घातली नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला सगळे जमतील. तिथं उभा राहून हेच तोंडानं सांगणार आहे.

दाजी, तुम्ही ऐकायला होतात तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

शेवटचा रामराम घ्या.