दहा सेकंदांची यादी

आमच्या सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकवाल्याला सगळे ‘सार्वमत’ म्हणतात. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात सापडतं. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावर त्यानं एकदा खोलीतल्या चौघांची मतं घेतली होती. मतं दोन-दोन पडली, तेव्हा त्यानं पंखाच बंद ठेवला. त्याची बायको शाळेत भूगोल शिकवते. ती सांगते, लग्नाला तिनं होकार दिला तेव्हा यानं विचारलं होतं, घरच्यांचंही हेच मत आहे ना?

वाचनकक्षातल्या आठ संगणकांवर त्यानं बारा वर्षांपूर्वी मुक्त प्रणाली बसवली. मुक्त म्हणजे तिला मालक नाही. जगभरचे हौशी लोक ती बनवतात, दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात एकमेकांशी भांडतात. मी वाचनालयाचे हिशेब लिहितो, वाणिज्य शाखेचा. मालक नसलेली वस्तू चालते कशी, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पण ती चालायची, हे मान्य केलं पाहिजे. अडचण होती ती फक्त चालू होईपर्यंत.

संगणकाचं बटण दाबलं की आधी काळ्या पडद्यावर पाच ओळींची यादी येई. पहिल्या ओळीत प्रणालीचं नाव आणि अकरा आकडे. दुसरीत ‘प्रगत पर्याय’. तिसरीत पुन्हा तेच नाव, आकडे मात्र जुने. चौथीत ‘पुनर्प्राप्ती अवस्था’, पाचवीत ‘स्मृती चाचणी’. आणि खाली दहापासून उलटे पळणारे सेकंद.

सकाळी कक्ष उघडायला नव्या मावशी आल्या, तेव्हा सार्वमतनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की घाई करू नका, नीट वाचा, मग निवडा. मावशी शब्दाच्या पक्क्या. दहा सेकंदांत नीट वाचून होत नसे, म्हणून त्या आधी बाणाची कळ दाबत. कळ दाबली की सेकंद थांबत आणि संगणक त्यांच्या निर्णयाची वाट बघत बसे. मग चष्मा लावून त्या पाचही ओळी वाचत आणि त्यातली सर्वांत भारदस्त निवडत. ‘स्मृती चाचणी’ निवडली की तो संगणक दुपारपर्यंत स्वतःचीच परीक्षा घेई आणि वाचक ताटकळत उभे राहत. मावशी दुसऱ्या मजल्यावर फोन करत, सार्वमत धापा टाकत जिना उतरून येई. असं वर्षभर चाललं होतं.

मग नवे संचालक आले. पहिल्याच फेरीत त्यांना आठपैकी तीन संगणक परीक्षेला बसलेले दिसले. त्यांनी जागेवरच सांगितलं की सहा आठवड्यांनी मावशींनी कोणालाही न विचारता आठही संगणक सुरू करून दाखवायचे. जमलं नाही तर बाजारातली तयार प्रणाली येईल आणि सार्वमत पुस्तकबांधणीत जाईल. बांधणी तळघरात आहे. तिथं डिंकाचा वास असतो आणि चर्चेला कोणी नसतं.

मी त्याला विचारलं, ती यादी बदलता येत नाही का.

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“मग करून टाका.”

“इथल्यापुरतं एकट्यानं बदललं तर ते ठिगळ झालं, साहेब. पुढची सुधारणा आली की पुसलं जाणार. बदल मुळात व्हायला हवा, सगळ्यांच्या संमतीनं.”

त्यानं जगभरच्या मंडळींना प्रस्ताव पाठवला. पहिली ओळ ‘संगणक सुरू करा’, दुसरी ‘सुरू होत नसेल तर हे दाबा’, तिसरी ओळच नाही. सहा आठवड्यांत त्यावर चारशे बारा पत्रं आली. एका ज्येष्ठानं दाखवून दिलं की पहिली ओळ धादांत खोटी आहे. संगणक सुरू झालेला असतो म्हणूनच तर यादी दिसते. दुसऱ्याच्या मते आकडे काढणं म्हणजे वापरणाऱ्याला अंधारात ठेवणं होतं. तिसरा म्हणाला, ज्याला ही यादी कळत नाही त्यानं संगणकाला हात लावू नये. सार्वमतनं नम्रपणे कळवलं की मावशींना हात लावण्याचाच पगार मिळतो. चौथ्यानं काळ्याऐवजी निळा पडदा सुचवला, आणि पुढची नव्वद पत्रं निळा किती गडद असावा यावर खर्ची पडली. ‘सोपं’ म्हणजे काय हे ठरवायला एक उपसमितीही नेमली गेली. जेवणाच्या सुट्टीत सार्वमत मला यातली निवडक पत्रं वाचून दाखवी. त्याच्या बायकोनं तेवढ्यात तळघरासाठी त्याला एक स्वेटर आणून ठेवला.

ठरलेल्या दिवशी उपसमितीला अध्यक्ष मिळालेला नव्हता. यादी होती तशीच होती. संचालक आले. मावशींनी ओळीनं आठही बटणं दाबली आणि चष्म्याला हात घातला, तोच संचालकांना सुरुवातीला दोन शब्द बोलावेसे वाटले. साहेब बोलत असताना कळा दाबणं बरं दिसेना, म्हणून मावशी हात बांधून उभ्या राहिल्या. संचालकांचे दोन शब्द पाव तास चालतात. ते वक्तशीरपणावर आले तोवर आठही संगणक कामाला तयार होऊन बसले होते. हात लावला नाही, तर दहा सेकंदांनी यंत्र पहिली ओळ आपलीआपणच निवडतं. हे सार्वमतला बारा वर्षं ठाऊक होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलं नव्हतं.

“इतकं सोपं आहे, तर अडत काय होतं?” संचालकांनी विचारलं. प्रणाली राहिली, सार्वमतही राहिला.

त्यानं प्रामाणिकपणे घडलेलं सगळं मंडळींना कळवलं. दोन दिवसांत, इतिहासात प्रथमच, त्यांचं एकमत झालं की मग ही यादी लपवूनच टाकावी. अडल्या वेळी यादी दिसायला हवी, असं म्हणून त्याला एकट्या सार्वमतनं विरोध केला.

तो विरोध नोंदवून तो खाली वाचनकक्षात आला. मी तिथंच होतो. मावशींना म्हणाला, “उद्यापासून काही वाचू नका. बटणं दाबा आणि बाजूला उभ्या राहा.”

मावशींना ते लागलं. “म्हणजे वर्षभर डोळे फोडून वाचलं ते फुकट?”

“फुकट नाही, मावशी. पण गरज नाही.”

“वाचनालयात ‘वाचू नका’ म्हणणारे तुम्ही पहिलेच. मला कळेल असं लिहायचं सोडून मलाच गप्प उभं करताय?”

सार्वमत स्टूल ओढून पहिल्या संगणकापाशी बसला आणि काय लिहू, असं त्यानं विचारलं. फक्त त्यांनाच विचारलं. मी शेजारी असून माझं मत घेतलं नाही.

“पहिलीवर लिहा ‘नेहमीचं’. दुसरीवर ‘अडलं तर’. बाकीचं तुमचं तुम्ही आत कुठंतरी ठेवा.”

त्यानं तसंच लिहिलं, आठही संगणकांवर. “पुढच्या सुधारणेत हे पुसलं जाईल,” तो म्हणाला.

“मग परत लिहा,” मावशी म्हणाल्या, आणि खुर्च्या सरळ करायला लागल्या.