नव्वदचा ताप

आमचे हे निपाणीजवळच्या हायस्कुलातनं विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि घरात माझं डोकं खायला मोकळे झाले. बाकीचे म्हातारे भजनाला जातात, परड्यात वांगी लावतात. ह्यांना जडला तापमानाच्या जुन्या मापांचा नाद. सेल्सिअस, फॅरनहाइट म्हणे सगळ्यांनाच येतं! जगानं टाकून दिलेली मापं हुडकायची, रेओम्यूर काय, रोमर काय, डेलिल काय, आणि रोज सकाळी गावचं तापमान त्यात बसवून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं. एक माणूस वाचत न्हवता.

त्यातला डेलिल ह्यांचा लई लाडका. त्याचा कारभारच उलटा. उकळतं पाणी शून्यावर, बर्फ दीडशेवर. उष्णता चढली की आकडा उतरतो.

गेल्या श्रावणात मी तापानं अंथरूण धरलं. सकाळी एकशे एक, दुपारी एकशे चार. आमच्या खेड्यात दवाखाना न्हाय आणि ह्यांना गाडी चालवता येत न्हाय. माझा थोरला भाऊ, अण्णा, चिकोडीहून गाडी घेऊन निघणारच होता. तेवढ्यात ह्यांनी ग्रुपवर टाकलं, "सकाळी साडेब्याण्णव, आता नव्वद." शेवटी डेलिल असं लिहिलेलं, पण तिथवर कोण वाचतंय? अण्णाला वाटलं, ताप साफ उतरला. त्यानं गाडी परत आत लावली. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. आणि आमचे हे? आपला आकडा पहिल्यांदाच कुणीतरी वाचला म्हणून एकेकाला धन्यवाद देत बसले!

मी गोधडीत कुडकुडत विचारलं, "अण्णा कुठवर आला?"

"येत न्हाय म्हणाला. तुला उतार पडलाय म्हणून."

"कुणी सांगितलं त्याला?"

"मी तर फक्त नव्वद म्हटलं. दोनशे बारातनं एकशे चार वजा कर, पाचनं गुण, सहानं भाग..."

"चुलीत घाला तो डेलिल!" मी फोनच ओढून घेतला. "अण्णा, जीव चाललाय माझा. गाडी काढ आदी!"

निपाणीच्या दवाखान्यात सिस्टरनं काही विचारायच्या आधी माझ्या कपाळावर तळवा ठेवला. "लई तापलंय की वो अंग, आक्का," म्हणाली.

दिवसभरात ह्यांनी मला एकदाही हात लावून बघितलं न्हवतं. काखेत नळी खुपसायची, आकडा घ्यायचा आणि वळायचं. मला एकदम रडू फुटलं. सिस्टरचा हात धरून मी हुंदके देत राहिले. ह्यांना वाटलं ताप आणखी चढला. लगबगीनं खिशातनं थर्मामीटर काढून झटकायला लागले.