भांडण म्हणजे नक्की काय?

चार माणसं दर रविवारी एकेका शब्दावर अडून बसली, की किस्से आपोआप साठतात. ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत.

सत्तरच्या सुमाराला पुण्याजवळ कासारवाडीत आमचं चर्चा मंडळ होतं. बहुतेक सगळे आसपासच्या कंपन्यांत कामाला. नियम एकच, पण कडक. ज्या शब्दावर वाद, त्याचा अर्थ आधी दोन्ही बाजूंनी मान्य करायचा आणि मगच भाषणं. असा नियम पुण्याच्या कॉलेजांतही नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो!

खोली अण्णांची, त्यांच्या घराच्या माडीवरची, फुकट. अण्णा जुने गावकरी, त्यांचीही अट एकच: "भांडान झालं की कुलूप." दुसरीकडे आम्हाला कुणी उभं केलं नसतं.

*

पहिला विषय होता, यंत्र शाप की वरदान. टूलरूममधले साठे म्हणाले, विजेवर चालतं ते यंत्र. दापोडीचे रणपिसे मास्तर म्हणाले, मग जात्याला काय म्हणायचं? जात्यावरून गाडी पाट्या-वरवंट्यावर गेली आणि तिथेच सभा संपली. यंत्र शाप की वरदान, ते अजून ठरायचंय.

*

एकदा शब्द निघाला 'वक्तशीर'. सभा पाचची, रणपिसे नेहमी अर्धा तास आधी यायचे. साठ्यांच्या मते आधी येणं हीसुद्धा बेशिस्तच. पुढच्या रविवारी साठे स्वतः लवकर पोचले, तर पाच वाजेपर्यंत जिन्याखाली घड्याळ बघत उभे! मग वर येऊन म्हणाले, "याला म्हणतात वक्तशीर."

*

'सुखी कामगार' या विषयावर बोलायला एका कंपनीचे साहेब आले होते. भाषण पाठ करून आलेले. आम्ही म्हटलं, आधी सुखी म्हणजे काय ते ठरवू. तीन चहा झाले, पण ठरेना. साहेब भाषण न करताच उठले. जिना उतरताना म्हणाले, "इथे येईपर्यंत मी सुखी होतो."

*

आणि मग तो 'मैत्री'चा रविवार. साठे म्हणाले, तोंडावर खरं बोलतो तो मित्र. रणपिसे म्हणाले, कधी गप्प बसावं हे कळतं तो. आवाज चढले. साठ्यांनी टेबलावर मूठ आपटली, चहाचा ग्लास आडवा झाला आणि दारात अण्णा उभे राहिले. हातात कुलूप.

"झालं न्हवं भांडान? निघा आता."

मंडळ संपलं, असंच वाटलं. पण मघापासून एकमेकांवर तुटून पडलेले साठे आणि रणपिसे एकदम म्हणाले, "अण्णा, हे भांडण नाही."

"मग भांडान म्हंजी काय?"

झालं! साठे म्हणाले, शिवी दिली की भांडण. रणपिसे म्हणाले, ज्याच्यानंतर एकत्र चहा होत नाही ते भांडण. अण्णांना राहवेना. त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली. "दोगंबी चुकताय. बोलनं बंद हुतं त्ये खरं भांडान. आमच्या भावकीत बगा."

रणपिशांनी लगेच हरकत घेतली. अण्णांचा आवाज आमच्या सगळ्यांच्या वर गेला. तेवढ्यात खालून त्यांच्या मंडळींनी हाक मारली, "आवं, वर कुनासंगं भांडताय?"

अण्णा टेबलावर मूठ आपटून ओरडले, "भांडत न्हाई गं, चर्चा चाललीया!"